छत्रीवाल्या मडमेचं वय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या घरातल्या जुन्या वस्तूंचं सदर येतं. गेल्या वेळी त्यात भरतकाम केलेल्या, वर काच बसवलेल्या एका ट्रेचा फोटो होता. हातात छत्री घेतलेली घेरदार झग्यातली मडम, बाजूला गवती छपराचं घर आणि दारात उंच वाढलेली गुलखैऱ्याची झाडं. खाली लिहिलं होतं की हा ट्रे दीडशे वर्षांपूर्वीचा आहे, इंग्लंडमध्ये तयार झालेला आहे आणि काम रेशमाचं आहे. पुरावा एकच दिला होता : मडमेचा पोशाख व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आहे. शेवटच्या ओळीत असंही होतं की येत्या दिवाळीनंतर नात हा ट्रे न्यू जर्सीला घेऊन जाणार आहे.

ही शेवटची ओळ नसती तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. का ते पुढे येईलच.

गिरगावात आमचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं. आधी वडिलांनी चालवलं, मग मी. आता मुलगा तिथे वाढदिवसाचे फ्लेक्स छापतो, तो भाग वेगळा. देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो हा आमचा रोजचा धंदा, पण चाळीतल्या आणि बंगल्यातल्या बायका आपण भरलेले मोर, पोपट, 'सुस्वागतम्' आणि हे ट्रे घेऊनही आमच्याकडेच यायच्या. नव्या ट्रेवर काच बसवायला येत, आणि कसर लागली की जुने ट्रे उघडायला येत. माझी पत्नी महापालिकेच्या शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवायची. त्यामुळे लाकडाचं मला कळतं आणि टाक्याचं तिला, असा आमच्या घरात कारभार आहे. खाली टाक्यांबद्दल जे काही शहाणपणाचं असेल ते तिचं समजावं.

आधी त्या पोशाखाचं बघू. पोलादी पट्ट्यांच्या पिंजऱ्यावर चढवलेला असा झगा विलायतेत १८५६ च्या सुमारास आला, हे खरं. पण अंगावर तो झगा घालणाऱ्या बायका आणि तो झगा भरणाऱ्या बायका यांच्यात दोन पिढ्यांहून जास्त अंतर आहे. घेरदार झगा, टोपी, छत्री आणि फुलांची बाग हे चित्र भरतकामात जिकडेतिकडे झालं ते पहिल्या महायुद्धानंतर, १९२० आणि १९३० च्या दशकांत. तेव्हा इंग्लंडात बायका आखूड झगे घालून कामाला जात होत्या आणि संध्याकाळी घरी बसून आजीच्या काळातली मडम टेबलक्लॉथवर, उशीच्या अभ्र्यावर, चहाच्या किटलीच्या टोपरावर आणि ट्रेवर भरत होत्या. जुन्या काळाची हौस म्हणून काढलेलं ते चित्र आहे. आज कुणी नऊवारीतली बाई भरली, तर ती काही पेशवाईतली होत नाही.

ही मडम बहुतेक वेळा पाठमोरी असते, नाहीतर तिच्या मोठ्या टोपीने तोंड झाकलेलं असतं. पत्नीच्या मते यात कसलीही कला नाही. तोंड भरणं अवघड, डोळा एका टाक्याने चुकला तर बाई चकणी दिसते, म्हणून टोपी. झग्याचा घेर मात्र सोपा : लांब-आखूड टाके घालत गेलं की झालं. आणि गुलखैऱ्याची फुलं म्हणजे नुसत्या गाठी टाक्यांचे पुंजके, ते नवशिक्या मुलीलाही जमतात. चित्र इतकं पसरलं त्याचं निम्मं कारण हेच असावं.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे गरम इस्त्रीने उमटवायचे नक्षीचे कागद. मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने ते १८७० च्या दशकात बाजारात आणले. कागद कापडावर पालथा घालायचा, वरून इस्त्री फिरवायची, की नक्षीच्या निळ्या रेघा कापडावर उतरतात. चित्रकला येण्याची गरज उरली नाही. हे कागद आणि त्यांच्या नकला मुंबईतही मिळत. ज्यांना ते परवडत नसत त्या बायका नक्षी छापून आणत. बटर पेपरवर नक्षी काढून ती सुईने टोचायची, आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ त्यावर बोळ्याने घासायची. भोकांतून रंग खाली उतरतो. ट्रे कुठे भरला गेला हे ठरवताना याचा फार उपयोग होतो. काच काढून भिंग घेऊन बसा आणि जिथे टाका थोडा आखूड पडला आहे, पाकळीच्या टोकाशी किंवा देठाच्या वळणावर, तिथे बघा. सलग निळी रेघ दिसली तर इस्त्रीचा कागद. टिंबटिंब आणि कडेला किंचित पसरलेली नीळ दिसली तर ते काम आपल्याकडचं असण्याची शक्यता पुष्कळच वाढते, मग चित्रातली मडम कितीही गोरी असो.

आपण छापलेल्या फोटोत ट्रे समोरून दिसतो. समोरून ट्रेचं वय ठरत नाही. ट्रे उलटा करावा लागतो.

शिवाजी पार्ककडच्या एका घरातला असाच ट्रे माझ्याकडे आला होता. चित्र जवळजवळ हेच : मडम, छत्री, घर. घरच्यांचं म्हणणं, पणजोबांना गोऱ्या साहेबाने दिला. चौकट सागवानाची, कोन नीट जुळवलेले, कड्या पितळेच्या. तळाला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली. बनात सोडवली तर खाली चुका मारलेला प्लायवूडचा पत्रा निघाला, आणि त्याच्या आतल्या अंगावर चहाच्या खोक्यावर असतात तसली काळ्या शाईची ठोकळा अक्षरं अर्धवट कापलेली. म्हणजे खोकं फोडून तळ केलेला. चहाची खोकी प्लायवूडची व्हायला लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. त्याच्याखाली कापड फुगीर दिसावं म्हणून कापसाचा पातळ थर, आणि कापसाखाली घडी घातलेलं मराठी वर्तमानपत्र. वरची तारीख कापली गेली होती, पण आत मुंबईतल्या रेशनच्या धान्याची बातमी होती. मुंबईत रेशनिंग सुरू झालं १९४३ साली. म्हणजे ट्रे त्याच्या आधी बंद झालेला असणं शक्य नाही. नंतर किती, ते वर्तमानपत्र सांगत नाही. रद्दी दहा वर्षंही पडून असू शकते.

दुसरी बाजू बांधून दिली ती कोपऱ्यातल्या अक्षरांनी. घराच्या पायरीशी, गवताच्या पात्यात मिसळून जाईल अशा हिरव्या दोऱ्याने 'कु.' आणि पुढे दोन आद्याक्षरं भरली होती. घरच्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलतंच, पण त्या काळी मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायचं. ती अक्षरं आजींच्या माहेरच्या नावाची निघाली. लग्नाची पत्रिका घरात जपलेली होती, १९४६ सालची. म्हणजे १९४३ नंतर आणि १९४६ च्या आधी. साहेब गेला, पणजोबा गेले, आणि त्या जागी मॅट्रिकला असलेली एक मुलगी आली. पत्र्याच्या कडेला कुणी फ्रेमवाल्याने पेन्सिलीने किंमत टाकली होती, ४॥।, म्हणजे पावणेपाच रुपये. रुपयाचे आणे करणाऱ्या या उभ्या रेघा १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले तेव्हापासून हळूहळू गेल्या. त्यामुळे ज्यांच्या ट्रेवर असा आकडा सापडेल, त्यांना वरची मर्यादा तिथेच मिळाली असं समजायला हरकत नाही.

फ्रेमवाल्याचं लेबल चिकटवलेलं असेल तर ते कधीही फाडू नका. 'मुंबई ४' एवढंच असेल तर ते पिनकोडच्या आधीचं, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं धरायला हरकत नाही. ४०० ००४ असेल तर नक्की नंतरचं. इतकं फुकट मिळणारं ज्ञान लोक ओल्या फडक्याने पुसून टाकतात.

तळ हार्डबोर्डचा असेल, म्हणजे एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने जाळीदार ठसा असलेला तपकिरी पत्रा, तर तो अमेरिकेत १९२४ मध्ये निघालेला माल आहे. आपल्याकडे तो रुळायला बराच काळ गेला. कड्यांचे स्क्रू एका खाचेचे आहेत की फुलीच्या खाचेचे, ते बघा. फुलीच्या स्क्रूचं पेटंट १९३६ चं. चिकटवायला काय वापरलं आहे तेही बघा. तपकिरी, काचेसारखा तडकणारा, ओला केला की जनावराचा वास येणारा तो सरस. पांढरट, रबरासारखा सोलून निघणारा असेल तर तो फेव्हिकॉलच्या जातीचा, आणि फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ मध्ये. मात्र यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्तीत बदललेली असू शकते, आणि ती बदलणारे आम्हीच. कड्या निखळल्या की आम्ही हातात असेल तो स्क्रू मारत होतो. म्हणून लाकडावरची जुनी भोकंही बघायची : नव्या स्क्रूच्या शेजारी बुजवलेलं दुसरं भोक असेल तर स्क्रूचं वय ट्रेला लावू नये.

काचेवर तर मुळीच जाऊ नये. काच फुटते, बदलते. काच तिरपी धरून तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. लाटा दिसल्या तर जुन्या पद्धतीने ओढलेली काच, सरळ दिसलं तर बहुधा फ्लोट, म्हणजे वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट केलेली काच. पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काच १९५९ मध्ये जाहीर केली, पण इथे आमच्या दुकानात त्यानंतरही कित्येक वर्षं लाटांचीच काच येत होती. लाटा म्हणजे जुनं, असं कुणी दुकानदार सांगू लागला तर हसून पुढे जावं.

आता रेशमाबद्दल. फोटोत झगा चकाकतो म्हणून आपण 'रेशमी' लिहिलंत. चकाकणारा सुती दोरा हा स्वतःच काळ सांगणारा पुरावा आहे. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ च्या सुमारास सूत कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिलं, पण त्यातून सूत आक्रसलं आणि घट्ट झालं. रेशमासारखी चकाकी आली ती १८९० च्या आसपास, होरेस लो याने तेच काम सूत ताणून धरून केलं तेव्हा. म्हणजे सुती आणि चकाकता दोरा दिसला की १८९० च्या अलीकडे या. आपल्याकडे असा दोरा बहुतेक डी.एम.सी.चा असायचा. ही कंपनी १७४६ ची, गाव म्युलूझ, प्रांत अल्सास. हा प्रांत १८७१ ते १९१८ जर्मनीच्या ताब्यात होता, आधी आणि नंतर फ्रान्सच्या. म्हणजे इंग्रजी मडम, जिच्या झग्याचा दोरा कधी जर्मन तर कधी फ्रेंच, आणि सुई दादरच्या मुलीच्या हातात. यातलं 'मूळ' कुठलं म्हणायचं ते आपणच ठरवा. माझ्या लेखी जिथे सुई चालली ते मूळ.

तिसरी चकाकी नकली रेशमाची, ज्याला बाजारात आर्ट सिल्क म्हणत. लाकडाच्या लगद्यापासून धागा काढायची ती रीत १८९२ ची, आणि माल जगभर स्वस्तात मिळू लागला तो पहिल्या महायुद्धानंतर. ओळखायचं असेल तर मागच्या बाजूला लोंबणाऱ्या टोकाचा अर्धा पेर दोरा कापा. समोरून कधीही नाही. चिमट्यात धरून पेटवा. रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास आणि बोटाने चुरडणारी काळी गुठळी. सूत किंवा आर्ट सिल्क असेल तर जळक्या कागदाचा वास आणि भुरभुरीत राखाडी राख. या दोघांतला फरक पाण्याने कळतो : आर्ट सिल्क ओलं केलं की हलक्या झटक्याने तुटतं, सुती दोरा ओला झाला तरी तगतो. आणि वितळून टणक मणी झाला तर तो नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर, मग आजीच्या आजीची गोष्ट तिथेच बंद करावी.

अजून एक सोपी परीक्षा आहे, तिला काही कापावं लागत नाही. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी कुठल्याही दुकानदाराकडे असते. काच काढून अंधारात ती कापडावर धरा. कापड निळसर पांढरं उजळलं तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते रसायन बाजारात आलं १९४० नंतर. गिरणीतून आलं असेल, नाहीतर घरच्या धुण्यातून, कारण टिनोपाल आणि रानीपाल आपल्या बायकांनी काय थोडं वापरलं नाही. पण ट्रेतलं कापड एकदा काचेखाली गेलं की धुतलं जात नाही. त्यामुळे मधे कुणी ट्रे उघडलेला नसेल, तर ती निळी चमक काच बसवण्याच्या आधीची, आणि ट्रे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचा किंवा नंतरचा. उजळलं नाही म्हणून जुनाच, असं उलटं मात्र धरू नये.

या मुली एवढं भरतकाम कुठे शिकल्या, असं आजकालची मुलं विचारतात. पुण्याचं सेवासदन १९०९ चं, त्याच्या एक वर्ष आधी मुंबईचं. रमाबाई रानड्यांपासूनच्या त्या सगळ्या मंडळींनी शिवण आणि भरतकाम बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून शिकवायला घेतलं. मिशनच्या शाळा तर त्याच्याही आधीच्या. मग ते शाळेच्या हस्तव्यवसायात शिरलं, आणि तिथून दाखवायच्या कार्यक्रमात. कांदेपोह्यांच्या बशा याच ट्रेवरून बाहेर यायच्या, आणि आई हळूच सांगायची, 'हे हिनेच भरलंय.' पत्नीला अशा ट्रेचा राग आहे. तिचं म्हणणं, निम्म्या ट्रेंवर काम मैत्रिणीचं आणि नाव नवरीचं. भिंगातून बघितलं तर झग्याचे टाके एका हाताचे आणि झाडांचे दुसऱ्या हाताचे असतात, हे तिने मला अनेकदा दाखवलं आहे : एकीचा दोरा पिळदार बसतो, दुसरीचा सैल.

याच्या अगदी उलटं प्रकरण ताडदेवच्या एका पारशी घरातलं. तिथे ट्रेचं वय कमी आणि कापडाचं जास्त निघालं. काळ्या लाकडाचा कोरीव ट्रे, काचेखाली निळ्या रेशमावर चार-पाच बोटं रुंदीच्या दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी लावलेल्या, त्यावर बाग, पूल, माणसं, फुलपाखरं. घरातल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, ही आमच्या गाऱ्याचीच (गारा म्हणजे पारशी बायकांची भरतकामाची साडी) बॉर्डर, खापरपणजोबांनी कँटनहून आणलेली. पारशांचा चीनशी व्यापार जमशेटजी जीजीभॉय यांच्याही आधीपासूनचा, आणि गारे खरोखरच तिकडून येत. चिनी फेरीवाले ते गाठोडी बांधून मुंबईत दारोदार विकायलाही येत. त्यामुळे गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. पण गाऱ्याची किनार साडीभर एकसारखी चालते. या दोन पट्ट्या म्हणजे एकमेकींची आरशातली प्रतिमा होत्या, दोन्हींवरचा पूल एकमेकीकडे वळलेला. चिनी बायकांच्या झग्याच्या दोन रुंद बाह्यांवर लावायच्या पट्ट्या अशाच जोडीने भरतात. १९११ च्या क्रांतीत चीनची बादशाही गेली आणि जुने दरबारी पोशाख निरुपयोगी झाले. ते उसवून बाह्यांच्या पट्ट्या, छातीवरचे हुद्द्याचे चौकोन असं सगळं परदेशी गिऱ्हाइकांसाठी पर्स, उशा आणि ट्रे यांत बसवलं गेलं. तळाला इंग्रजीत 'चायना' असा शिक्का होता. मालावर देशाचं नाव पाहिजे असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला, त्याच्यानंतर निर्यातीच्या मालावर असे शिक्के वाढले. म्हणजे भरतकाम बादशाहीच्या शेवटच्या काळातलं असावं, आणि ट्रे त्याच्या नंतर बनवलेला. एकाच वस्तूची दोन वयं.

काम चिनीच आहे, सुरतेचं नाही, याची खूण जरीच्या धाग्यात होती. एका माणसाच्या झग्याची सोनेरी कड थोडी झिजली होती. भिंगाखाली तिथे सोनं उडून खाली तांबूस कागद दिसत होता, अगदी बारीक पट्टी, रेशमाच्या दोऱ्याला गुंडाळलेली. चीनमधे सोन्याचा वर्ख कागदावर बसवून त्या कागदाची पट्टी कातरतात. आपली जरी चांदीच्या चपट्या तारेची, वर सोन्याचा मुलामा. झिजली तर खाली चांदी दिसते, आणि काळी पडते. तांबूस दिसलं तर चीन, काळं पडलं तर सुरत, इतकं सोपं कधीकधी असतं. तिसरा प्रकार, प्लॅस्टिकची चमचम पट्टी, तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा.

याच घरात मला 'बंदी घातलेल्या टाक्याची' गोष्टही ऐकायला मिळाली : हा गाठी टाका भरून भरून बायका आंधळ्या व्हायच्या, म्हणून बादशहाने त्यावर बंदी घातली. ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या तोंडून जगभर ऐकू येते आणि किमतीत भर घालते. टाका मात्र चीनमधे सर्रास चालू होता. पारशी बाया तर त्याला खाखा म्हणून आपला मानतात.

हुद्द्याचा चौकोन कुणाकडे असेल तर त्यात एक गंमत असते. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला जनावर. पहिल्या दर्जाला सारस, तिसऱ्याला मोर. चौकोनाच्या मधोमध वरून खाली उभा जोड असेल आणि पक्ष्याचं पोट दोन तुकड्यांत भरलेलं असेल, तर तो छातीवरचा, कारण झगा तिथे उघडतो. अखंड असेल तर पाठीवरचा. चौकोन ट्रेत घालणाऱ्याने बहुतेक वेळा तो जोड फुलं टाचून लपवलेला असतो.

धारवाड-बेळगावकडची कसूती, म्हणजे तिकडचं साड्यांवरचं भरतकाम, ट्रेत क्वचित दिसते. उलटसुलट दोन्हीकडून सारखी आणि मागे एकही गाठ नाही, म्हणजे तो गवंती किंवा मुरगी टाका. काश्मिरी आरीचं काम सलग साखळीचं, सुईऐवजी आकड्याने केलेलं. मशीनवरच्या भरतकामाला मागे वेगळा दोरा असतो, रंगही बहुधा पांढरा. यापेक्षा जास्त त्यात सांगण्यासारखं नाही.

आता न्यू जर्सी. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. हस्तकौशल्याची कुठलीही वस्तू शंभर वर्षं जुनी झाली की ती पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आपण छापलंत तसं दीडशे वर्षांचं वय खरं असेल, तर त्या मुलीने ट्रे बॅगेत घालणं म्हणजे कायदा मोडणं आहे. विमानतळावर कुणी अडवलंच, तर आपल्याच पुरवणीचं कात्रण तिच्याविरुद्ध पुरावा होईल. माझ्या अंदाजाने ट्रे १९३० च्या अलीकडचा आहे आणि तिला काळजीचं कारण नाही, पण माझा अंदाज तिथे चालत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग वस्तू तपासून ती पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र देतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा दिवाळीच्या आधीच अर्ज करावा.

त्या कुटुंबाला आपण कृपया इतकं कळवावं : ट्रेला नवं पॉलिश करू नका. काच स्वतः काढू नका, रेशीम असेल तर ते घडीवर तुटतं. चांगल्या फ्रेमवाल्याकडून तळ उघडून घ्या, आतून जे निघेल ते, रद्दीचा कपटा असला तरी, पाकिटात घालून ट्रेसोबत ठेवा. आणि पायरीशी, गवतात, झग्याच्या काठाला दोन अक्षरं दिसतात का ते भिंगातून बघा. मागची बाजू उघडल्यावर तिचा फोटो काढून आपल्याकडे पाठवला आणि आपण छापलात, तर पत्नी आणि मी दोघंही टाका न टाका बघून कळवू. पैसे नकोत.

आपला,
एक जुना फ्रेमवाला,
ठाकूरद्वार, मुंबई ४०० ००४